विसंगती नसलेला जबाब

कारखान्यांतल्या अपघातांची चौकशी करणाऱ्या कचेरीत टायपिस्टबाईंनी बावीस वर्षं जबाब टाइप केले. त्यांची बोटं सगळ्यात जास्त ज्या शब्दावरून फिरली तो म्हणजे 'विसंगती'. शब्दकोशात अर्थ साधा आहे, मेळ नसणं. कचेरीत उपयोग वेगळा. साक्षीदार आधी एक बोलला आणि महिन्याने दुसरं, की साहेब लिहायचे 'जबाबात विसंगती', आणि मेलेल्याच्याच माथी दोष मारून फाइल बंद. मुकादमांच्या जबाबात ती कधी सापडायची नाही. 'मला माहीत नाही' हे कितीदाही सांगा, सारखंच येतं!

कपडे धुण्याच्या एका कारखान्यात बॉयलर फुटून कामगार गेला. त्याची बायको तिथेच इस्त्रीला होती. झडप अडकलीय, असं नवऱ्याने मुकादमाला सांगितलेलं तिने कानांनी ऐकलं होतं. पहिल्या जबाबात ती म्हणाली, सकाळच्या चहाच्या वेळी. महिन्याने पुन्हा बोलावलं तेव्हा म्हणाली, "जेवणाची सुट्टी झाली होती बहुतेक. डोकंच चालत नाही हो बाई. पण त्यांनी सांगितलं होतं, एवढं नक्की लिहा."

बाईंना पुढचं दिसलं. आता पुन्हा तोच मेला शब्द येणार! साहेब बाहेर गेले होते. बाईंनी जुना जबाब काढला आणि नवा त्याच्याबरहुकूम उतरवला, चहासकट. तिने विश्वासाने सही केली. त्या संध्याकाळी बाई घरी गेल्या त्या जरा तोऱ्यातच.

आठवड्याने निकाल टाइप करायला त्यांच्याच टेबलावर आला. 'दोन्ही जबाब शब्दशः सारखे. साक्षीदार पढवलेली. दोष मृताचा.'

बाई दोनदा साहेबांच्या दारापर्यंत गेल्या आणि दोन्ही वेळा परत फिरल्या. नोकरीची भीती, दुसरं काय! मग एकही चूक न करता त्यांनी निकाल टाइप केला.

तो न्यायला ती आली. उभ्या उभ्याच वाचला.

"पढवलेली? मला कुणी पढवलं? तुम्ही समोरच होतात ना, बाई. माझं काय चुकलं?"

"तुमचं काही चुकलं नाही हो."

"मग साहेबांना तेवढं सांगा ना."

"सांगते," बाई म्हणाल्या. त्यांना स्वतःची लाज वाटली, पण त्यांनी सांगितलं नाही. त्या दिवशी नाही आणि पुढे निवृत्त होईपर्यंतही नाही.