कलाबाईनं मारलेला वाघ

कलाबाई वाघाला वाघ म्हणत नाही. मोहर्लीकडच्या आमच्या गावातली जुनी माणसं जंगलात गेल्यावर ते नाव टाळतात, पण ती घरातही घेत नाही. ‘मोठा देव’ म्हणते. त्या मोठ्या देवानंच तिचा नवरा झिंगू नेला, पहाटे मोहफुलं वेचताना. तो सापडला तिथं गावानं दगड मांडून शेंदूर लावला. वाघानं नेलेला माणूस पुढं वाघोबाजवळच राहतो, असं आमच्याकडे मानतात. त्यामुळे कलाबाई तिथं दिवा लावते तेव्हा एकाच दगडाला दोघांसाठी हात जोडते, नवऱ्यासाठी आणि त्याला नेणाऱ्यासाठी. मी उभा जन्म झाडीपट्टीच्या नाटकांत राक्षस रंगवले, पण इतकी अवघड भूमिका माझ्या वाट्याला आली नाही.

सफारीच्या गेटजवळच्या खानावळीत ती भाकरी थापते. जीपमधून उतरलेले लोक एकमेकांना विचारत असतात, दिसला का, किती जवळून दिसला. ती मान खाली घालून भाकरी उलटते.

माघात त्याच दगडापाशी वाघोबाची पूजा असते. ज्या घरचं माणूस गेलं त्या घरचा नारळ पहिला, अशी आमच्या गावची रीत आहे. झिंगू गेल्यापासून कलाबाईनं तो मान कधी चुकवला नव्हता. यंदा मात्र पूजेच्या आदल्या दिवशी ती नारळ घेऊन माझ्या ओसरीवर आली आणि म्हणाली, बरं नाही, तिच्या नावानं मीच ठेवावा. चेहऱ्यावर दुखण्याची खूण नव्हती. मी कारण विचारलं. तिनं कमरेचा मोबाईल काढून माझ्यापुढं धरला.

तिचा मुलगा चंदन चंद्रपूरला कम्प्युटर शिकतो. दिवाळीत तो माझ्याकडे आला होता, एका गेमसाठी डरकाळी पाहिजे म्हणून. मला कोण आनंद झाला! कित्येक वर्षांत कुणी माझा आवाज मागितला नव्हता. मी घसा खाकरून डरकाळी दिली. वर त्यालाच शिकवलं की मरतानाची डरकाळी वेगळी लागते, आणि न मागता तीही दिली. गेम कसला, हे काही विचारलं नाही.

तो गेम आता माझ्यासमोर होता. डोक्याला झिंगूसारखा दुपट्टा बांधलेला एक माणूस टोपली घेऊन जंगलातून घराकडे निघतो. बांबूच्या बेटातून वाघ झेप घेतो. कुऱ्हाड वेळेवर चालली तर वाघ पडतो, वाट मोकळी होते, आणि माणूस हिरव्या दारापाशी येऊन टोपली खाली ठेवतो. दार कलाबाईच्याच घराचं होतं. तिचा भाकरीनं घट्टे पडलेला अंगठा सराईतपणे फिरला. वाघ माझ्या आवाजात मेला.

रोज काम आटोपलं की ती खेळते, असं तिनं सांगितलं. आपल्या हातून पाप होतंय असं वाटून तिनं चंदनला विचारलं होतं. तो हसून म्हणाला, चित्र आहे ते, चित्राला काय लागतं?

‘‘मी म्हटलं, मोठ्या देवाचाबी दगडच हाय. मंग त्याच्यापुढं नारळ काऊन फोडतो?’’

चंदन गेम काढून टाकतो म्हणाला. तिनं मोबाईल दिला नाही.

‘‘भाऊ, तुमाले स्टेजवर इतक्या खेपा मारलं. मारणाऱ्याचा राग येत होता का?’’

हा प्रश्न माझ्या धंद्यातला होता. मी उठून उभा राहिलो, सगळं करून दाखवलं. आमचा नायक कुलदीप वयानं माझ्याहून लहान. वधाच्या प्रवेशाआधी तो पडद्याआड यायचा, वाकून माझ्या पाया पडायचा. मी आशीर्वाद द्यायचो. मग तो रंगमंचावर येऊन माझ्या छातीवर पाय देऊन मला मारायचा, आणि पडदा पडला की आम्ही एकाच किटलीतला चहा प्यायचो. राग कसला, असं म्हणून मी हात पसरले. कलाबाई मोकळी होईल अशी माझी खात्री होती.

ती खाली बघत म्हणाली, ‘‘मारून त्याले बरं वाटे का?’’

पसरलेले हात मी खाली घेतले.

‘‘मले बरं वाटते, भाऊ.’’

एवढं बोलून तिनं तोंडावर पदर ओढला. नारळ माझ्या ओसरीवरच ठेवून निघून गेली.

दुसऱ्या दिवशी तिचा नारळ घेऊन मी पूजेला गेलो, पण तिचं बोलणं आठवून तो पहिला म्हणून ठेवायला धजावलो नाही. बायका कुजबुजल्या. शेवटी दुसऱ्या घरच्यानं नारळ ठेवला. लोक परतले तेव्हा सागाच्या झाडांमागून कलाबाई आली. सगळे जाईस्तोवर ती तिथंच उभी होती म्हणे. मीही निघालो, तर तिनं अडवलं.

‘‘तुमी थांबा. डरकाळी तुमचीच हाय ना?’’

तिनं आवाज पहिल्याच दिवशी ओळखला होता. झिंगूसोबत माझी नाटकं तिनं रात्र रात्र बसून पाहिलेली. त्या डरकाळीच्या वाटेनं मी कुणाच्या घरात शिरलो, हा विचार मला तेव्हा पहिल्यांदा आला.

ती दगडासमोर बसली. हात जोडले नाहीत. शेजारणीशी बोलावं तशी हळू बोलू लागली.

‘‘मी तुले मारलं. रोज मारलं. राग आला असन तर मले ने, लेकाले काही करू नको. पन मी उद्याबी मारीन. तुले मारल्याबिगर तो घरी येत नाई.’’

नारळ फोडायला तिचा हात उठेना. मी फोडला. तिनं एक तुकडा दगडावर ठेवला, एक माझ्या हातावर. मग वाकून तिनं माझ्या पायांना हात लावला.

कुलदीप वधाआधी वाकायचा तेव्हा आशीर्वाद आपोआप तोंडात यायचा. मी खोबऱ्याचा तुकडा मुठीत धरून तसाच उभा राहिलो. ती उठली आणि माझ्याकडे न बघता घराच्या वाटेला लागली.