पुलापलीकडचा शिपाई

रेश्माचं माहेर महाडात, चवदार तळ्यापासून हाकेच्या अंतरावर. इतिहास घेऊन ती बी.ए. झाली आणि निकालाचे पेढे संपायच्या आत पोलादपूरच्या वर डोंगरात, मोजक्या घरांच्या एका वाडीत सून होऊन आली. नवरा दीपक मुंबईला गोदामात कामाला, शिमग्याला आणि गणपतीला तेवढा घरी. बाकीचं वर्ष ती, सासू बयाबाई आणि उतारावरची नाचणी. पहिल्या साली तिने तण समजून नाचणीचीच रोपं उपटली. बयाबाईने ते वाडीभर सांगितलं, आणि प्रत्येक दारात शेवटी, "पण बी.ए. हाय हो माझी सून," हेही सांगितलं.

पुढे रेश्मा वाडीतली झाली. पोरांचा अभ्यास पडवीत घेऊ लागली, कुणाच्या औषधाच्या बाटलीवरचं वाचून देऊ लागली, आणि ओरडायची वेळ आली की वाडीच्या बोलीत ओरडू लागली. एक गोष्ट मात्र तिने कधी केली नाही. देवीला कौल लावला नाही. काळकाईच्या देवळात गुरव कोंडाजी मूर्तीच्या दोन्ही खांद्यांना ओल्या कळ्या चिकटवतो आणि गाऱ्हाणं घालतो. उजवी कळी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. म्हैस रानातून परतली नाही, मुलीचं लग्न ठरेना, की माणसं कौल लावत. रेश्मा देवीची ओटी भरी, हात जोडी, पण कौल म्हटलं की तिला हसू येई.

"वाळल्यावर कळी पडणारच ना, आत्या. त्यात देवी काय करणार?"

सासू कानांवर हात ठेवी. "गप गो. ऐकतंय ती."

रेश्माला दोन मुलं. थोरला मंगेश, धाकटी श्रुतिका. मंगेश भरतीसाठी दोन वर्षं पहाटे महामार्गाच्या कडेने धावला आणि फौजेत गेला, नेमणूक वर बर्फातल्या चौकीवर. त्याच्या पगारातून घरात पहिली वस्तू आली ती जुन्या बाजारातला एक जाडजूड लॅपटॉप, गेम खेळायला लागतो तसला. मागच्या गणपतीला रजेवर आला तेव्हा आरती आणि जेवण सोडलं तर तो त्यालाच चिकटून होता. त्या गेममध्ये महायुद्धानंतर जग संपलेलं, शहरं ओस पडलेली, ऊन नाही, नुसता बर्फ. खेळणाऱ्याने खरं तर एका बंदरापर्यंत पोचायचं असतं. पण वाटेत एक म्हातारी कॅप्टन भेटते आणि म्हणते, माझी तुकडी या बर्फात हरवली आहे, तेवढी शोधून दे. ते काम केलंच पाहिजे असं नाही. न करताही खेळ पुढे जातो. मंगेश मात्र बंदर विसरून त्या तुकडीच्या मागे लागला होता.

"अरे, बर्फातनं घरी आलास, नि इथंही बर्फातच?" रेश्मा म्हणाली होती.

"तिकडच्या बर्फात थंडी वाजते, आई. हितं गोधडी हाय."

"मग करतोस काय दिवसभर?"

"माणसं हरवलीत. शोधतोय."

एक सोडून बाकीचे शिपाई त्याला सापडले, सगळे मेलेले. शेवटचा पुलापलीकडे कुठेतरी होता, आणि रजा संपली. पिशवी खांद्याला लावताना त्याने बहिणीला दम दिला, "श्रुते, शेवटचा माझा. पूल ओलांडलास तर बघ. शिमग्याला येतो, मग आपण दोघं जाऊ."

शिमग्याच्या आधी, जानेवारीत, फोन आला.

वाडीत रेंज मिळते ती पडवीच्या खिडकीत, तीही फोन स्टीलच्या पेल्यात उभा ठेवला तर. फोन पेल्यातच वाजला. गस्तीवरच्या जवानांवर हिमकडा कोसळला होता. चौघांचा पत्ता लागत नव्हता, त्यांत मंगेश होता. शोध चालू आहे, कळवत राहू, असं पलीकडचे साहेब सावकाश, पुन्हा पुन्हा सांगत होते. रेश्मा प्रत्येक वाक्याला "हां जी" म्हणाली. फोन परत पेल्यात ठेवला.

दीपक मिळेल त्या गाडीने निघाला, वीर स्टेशनला उतरला, रिक्षा आणि एसटी करत वाडीत पोचला आणि खिडकीशी बसला तो उठेचना. त्या दिवसापासून घर पेल्याकडे तोंड करून जगू लागलं. मांजराने खिडकीत उडी मारली तरी चौघंही दचकत.

बयाबाईने कोंडाजीला बोलावून कौल लावला. रेश्मा पहिल्यांदाच गाभाऱ्याच्या उंबऱ्याशी जाऊन उभी राहिली. आपल्याला हसू येत नाही, याचीच तिला भीती वाटली. कोंडाजीने गाऱ्हाणं घातलं, "आई, पोर तुझा हाय. हाय तर उजवी दे." सगळे बघत राहिले. उन्हं देवळाच्या पायरीवरून खाली उतरली, कळ्या सुकून काळ्या पडल्या, पण दोन्हींपैकी एकही पडली नाही.

"देवी बोलत नाय," कोंडाजी खालच्या मानेने म्हणाला.

वाळली की पडतेच, असं रेश्मा इतकी वर्षं म्हणत आली होती.

घरी आल्यावर तिची नजर फळीवरच्या लॅपटॉपवर गेली. वर मंगेशचाच टॉवेल झाकलेला होता.

"श्रुतिका, तो गेम लाव."

"आत्ता?"

"तो शेवटचा शिपाई शोध."

का, ते तिने सांगितलं नाही. सांगायची लाज वाटत होती. दुसऱ्या कुणा आईने असं काही मनात धरलं असतं तर रेश्माने तिला जवळ बसवून चार समजुतीच्या गोष्टी सांगितल्या असत्या. पण मनात कौल लावून झाला होता. तो जिवंत सापडला, तर माझाही सापडेल.

श्रुतिका महाडला कॉलेजात जाणारी, हाताने चपळ, भावाला हरवणारी पोर. पण त्या दिवशी तिला काही जमेना. पडद्यावरचा माणूस, खांद्यावर फाटकं ब्लँकेट घेतलेला, पुलाशी गेला आणि खाली पडला. परत पुलाशी गेला, लांडग्यांनी धरला. परत गेला, तर उभ्या उभ्या गारठून मेला.

बयाबाई मागे बसून बघत होती. "अगो, परत मेला काय हा?"

"मेला, आजी."

"मगाशी पण मेलावता ना? मग उठला कसा?"

"उठतो तो. परत पहिल्यापासनं."

"बरं हाय बाबा ह्याचं," बयाबाई म्हणाली आणि पदराने डोळे टिपू लागली.

दुसऱ्या दिवशीही तेच. तो पुलाच्या अर्ध्यावर जाई आणि धड असलेल्या फळीवरूनही खाली पडे. रेश्माच्या डोक्यात तिडीक गेली.

"लक्ष कुठे आहे तुझं? मंगेश असता तर एव्हाना पलीकडे गेला असता!"

"मग त्यालाच सांग!" श्रुतिका ओरडली आणि स्वतःच्याच शब्दांनी पांढरी पडली.

खिडकीतून दीपक म्हणाला, "भांडू नका गो. फोन ऐकायला येणार नाय."

रेश्माने लॅपटॉप आपल्याकडे ओढला. कुठलं बटण कशाचं, हे तिने नव्या सुनेने सासूकडून भाकरी शिकावी तसं मुलीकडून शिकून घेतलं. पुढे जायला हे, वाकायला हे, पकडायला हे. श्रुतिका एकेक शब्द तोडून तोडून सांगत होती. रेश्मा पडली, मेली, उठली. एका फळीवरून दुसऱ्या फळीवर जाताना खरोखर श्वास रोखून बसली. वाडीतल्या बायका डोकावून गेल्या. पोराचा पत्ता नाही आणि आई गेम खेळते आहे, हे त्यांच्या तोंडावर लिहिलेलं होतं. तिने मान वर केली नाही.

दुपार कलताना ती पूल ओलांडून गेली. पलीकडे पत्र्याची एक खोली, छपरावर वाकलेली तार.

"आई, पुरे आज," श्रुतिका म्हणाली. "चार्जिंग संपेल."

"वायर लावलेली आहे."

"आई, नको ना."

रेश्माने दार उघडलं. आत भिंतीला टेकून एक शिपाई बसला होता, मांडीवर वायरलेस. आधी तिला वाटलं, झोपलाय. मग तिने आपला ब्लँकेटवाला माणूस जवळ नेऊन पाहिलं. भुवयांवर बर्फ होता आणि तो वितळत नव्हता. त्याच्या गळ्यातला बिल्ला आपोआप निघून हातात आला, कुठूनतरी आनंदाचं संगीत वाजलं, आणि पडद्यावर अक्षरं उमटली. कामगिरी पूर्ण. त्याखाली बक्षीस होतं, त्या शिपायाचे बूट.

"बक्षीस कशाचं?" रेश्मा म्हणाली. "श्रुतिका, बक्षीस कशाचं गं देतात?"

श्रुतिका रडत होती. "मी फोनवर बघितलं होतं कधीचंच. तो मेलेलाच असतो, आई. कुणी कितीही चांगलं खेळलं, कितीही लवकर गेलं, तरी तो मेलेलाच असतो. तसंच बनवलंय."

"म्हणून तू मुद्दाम पडत होतीस?"

पोरीने होकाराची मान हलवली. रेश्माने तिला पोटाशी धरलं. दोन दिवस ही एकटी, आजीसमोर आणि बापासमोर, आईच्या शिव्या खात, त्या माणसाला मारत राहिली होती. शेवटच्या दारापर्यंत जाऊ नये म्हणून.

बयाबाईला बूट कळले नाहीत, पण सुनेचा चेहरा कळला. ती जवळ सरकली. "कौल लावलावतास ना गो मनात?"

रेश्माने लॅपटॉपचा पडदा खाली लोटला.

"मला नाय कळत? पटला नाय तर परत लावतात. कोंडाजी पण परत लावतो."

"मंगेशदादाचा खेळ मी वेगळा सेव्ह करून ठेवलाय," श्रुतिका नाक पुसत म्हणाली. "त्याने सोडला तिथनंच सुरू होतो. तिथे हे काही झालेलंच नाहीये."

तेवढ्यात पेला थरथरला.

दीपकने फोन उचलला आणि आवाज मोठा केला. साहेबांनी बातमी एका दमात सांगितली. दोघं सापडले, जिवंत. त्यांत मंगेश नाही. तो आणि दुसरा एक जवान अजून सापडलेले नाहीत. वर पुन्हा कडे सुटताहेत, वादळ उठलंय, म्हणून शोधपथकाला खाली बोलावलं आहे. बर्फ उतरेपर्यंत वर जाता येईल असं वाटत नाही. आशा किती ठेवावी, हे मी तुम्हाला खोटं सांगणार नाही.

दीपकच्या हातातून रेश्माने फोन घेतला. तिचं हिंदी चांगलं होतं, पण त्या वेळी एकच वाक्य सुचलं.

"साहब, आपने खुद देखा है उसको?"

"नहीं, माताजी. किसी ने नहीं देखा."

"ठीक है," ती म्हणाली आणि फोन पेल्यात ठेवला.

वाडीला बातमी सांगावी लागत नाही. दिवस मावळायच्या आत अंगण भरलं. पुरुष पडवीच्या कडेला उकिडवे बसले. आणि शेजारची चंद्रभागा झाकलेलं पातेलं घेऊन वर आली. भात होता आणि पिठलं. ज्या घरात माणूस जातं तिथे चूल पेटत नाही, शेजारी शिजवून आणतात. चंद्रभागेच्या डोळ्यांतून धारा लागल्या होत्या. तिने मंगेशला लहानपणी अंगाखांद्यावर खेळवलं होतं.

"दोन घास खा गो, रेश्मा. पोरीसाठी तरी खा."

रेश्मा पातेल्याकडे बघत राहिली. भूक होती. सकाळपासून कुणाच्याच पोटात काही नव्हतं.

"काकू, हे घेऊन जा."

"अगो, असा करू नये. घरात आज..."

"घरात आज काही झालेलं नाही." तिचा आवाज चिरकला. "माझी चूल बंद नाय. घेऊन जा ते."

अंगणातले श्रीपतबाबा, वाडीतले सर्वांत वयस्क, खाकरले. "पोरी, साहेबच बोलला ना..."

"साहेबाने बघितलेलं नाही, बाबा. मी विचारलं त्याला."

चंद्रभागा पातेलं घेऊन उभी, खाली ठेवता येईना आणि परत नेता येईना. शेवटी बयाबाईच उठली, मागच्या दारी गेली, काटक्यांचा भारा ओढत आणून चुलीशी टाकला.

"पेटव गो," ती सुनेला म्हणाली.

काटक्या ओलसर होत्या. घर धुराने भरलं आणि सगळ्यांना खोकायला, डोळे पुसायला एक कारण मिळालं. रेश्माने आधण ठेवलं. माणसं हळूहळू उठून गेली. पातेलं शेवटी चंद्रभागेबरोबर परत गेलं.

भात रटरटू लागला तेव्हा श्रुतिकाने लॅपटॉप चुलीजवळ आणला. पडद्यावर मंगेशचा माणूस पुलाच्या अलीकडे उभा होता, जिथे मंगेशने गणपतीत सोडला होता तिथेच. कुणी बटण दाबलं नाही की तो एका पायावरचा भार दुसऱ्या पायावर घेई आणि हातांवर फुंकर मारी. रेश्मा ते बराच वेळ बघत बसली.

"याला शेकोटीशी बसवता येतं का?"

"येतं. पण लाकडं आणत राहावी लागतात. नाहीतर विझते."

"मग आण."

"पूल?"

"पूल नको. शिमग्याला दोघं जाणार होतात ना?"

श्रुतिका त्याला झाडांकडे घेऊन गेली. रेश्माने खिडकीतला पेला जरा सरळ केला, दीपकच्या पाठीवर हात ठेवला आणि परत येऊन चुलीतली काटकी आत सारली.

मागून बयाबाई म्हणाली, "दोन जास्तीची आण गो, श्रुते. रात मोठी असते त्या बाजूला."