पाठ टेकल्यावरची कुस्ती

पत्र्याच्या शेडमध्ये सकाळी सकाळी लोळणाऱ्या माणसांचे किस्से कसे साठत जातात, कळतच नाही. आम्ही चिंचवडचे जिउ-जित्सूवाले, म्हणजे जमिनीवर लोळून लढणारे. निम्मे लोक थर्ड शिफ्ट करून थेट मॅटवर येतात. त्यामुळे खरं काय घडलं आणि झोपेत काय दिसलं, याची सरमिसळ ठरलेली!

*

शेडचे मालक मारुतीअण्णा जुने पैलवान. शेडमधल्या पहिल्याच दिवशी आमचा कांबळे पाठीवर पडला आणि त्यानं पायांनी आम्हाला शिकवणाऱ्या सलीम सरांना अडवून धरलं. याला गार्ड म्हणतात. वरच्यानं पाय ओलांडले, की गार्ड गेला.

अण्णा दारातून ओरडले, "पाठ टेकली! संपली कुस्ती, उठा!"

"अण्णा, आमची इथून सुरू होते," सर म्हणाले.

अण्णा म्हणाले, "म्हंजी आमी उगीच घरी जात व्हतो!"

*

मी चाकणला क्वालिटीत आहे. एकदा कंपनीच्या बसमध्ये डोळा लागला. स्वप्नात कांबळे माझे पाय ओलांडत होता. मी त्याचा हात पकडून कोपर उलटं ताणलं, मस्त आर्मलॉक लावला.

"भाऊ, सोडा की! माझा स्टॉप गेला!" शेजारचा माणूस कळवळला.

*

सर धुक्यासारखे सरकत यायचे. गार्ड कधी गेला, समजायचंच नाही.

एकदा कांबळेनं विचारलं, "सर, तुम्ही आलात कुठून?"

"दारातून!"

*

मान अडकली, की समोरच्याला हातानं थोपटायचं. म्हणजे टॅप, म्हणजे हरलो. सरांनी कधीच कुणाला टॅप दिला नव्हता. कांबळेची गुजरातला बदली झाली, तेव्हा त्याचा एकच ध्यास होता. जायच्या आधी एकदा तरी सरांचा टॅप घ्यायचा. मलाही मनापासून वाटायचं, मिळावा याला.

शेवटच्या सकाळी तो शिफ्टवरून आला, गार्ड लावून पडला. पत्र्याच्या फटीतून ऊन येत होतं, पंखा संथ फिरत होता. सर पाय ओलांडायला वाकले. कांबळेचे डोळे मिटलेले. पण पायांना सवय! सरांचा एक हात आणि मान, दोन्ही त्याच्या पायांत गच्च अडकली.

सर लाल झाले. त्यांनी कांबळेच्या मांडीवर थोपटलं. आम्ही श्वास रोखून बघत राहिलो.

"झोप गं बाळा, बाबा आहे ना," कांबळे पुटपुटला आणि त्यानं पाय अलगद सैल केले.

आम्ही टाळ्या वाजवल्या, तेव्हा तो दचकून उठला. सर मान चोळत म्हणाले, "जिंकलास, भावा."

कांबळे आमच्याकडे बघून खिन्न हसला.

"काय राव, शेवटच्या दिवशी पण चेष्टा! मी तर पोरीला झोपवत होतो."