बिनमाउसचा संगणक

दातांच्या कवळ्या बनवणाऱ्या त्या कारागिराला कामावर सगळे मिस्त्री म्हणत. दिवसभर तो दुसऱ्यांच्या हिरड्यांचे प्लास्टरचे साचे घासत असे आणि घरी आला की संगणक घासत बसे. कुणीही आतून उघडून बदलावी अशी एक फुकटातली प्रणाली त्याने त्यावर बसवली होती आणि मग दहा वर्षं तिच्यातून एकेक गोष्ट काढून टाकली होती. आधी चित्रं गेली, मग मेन्यू गेला, शेवटी माउस गेला. उरला एक राखाडी पडदा आणि मिस्त्रीच्या लाडक्या जोडप्रोग्रॅमांची फौज. एक खिडक्या आपोआप शेजारीशेजारी लावणारा, एक दोन बटणं एकदम दाबली की वरून काळी खिडकी उतरवणारा, आणि सगळ्यांत लाडका म्हणजे दोन मिनिटं हात लागला नाही तर कुलूप घालणारा. बायको या संगणकाला सवत म्हणे. "सवतीशी निदान भांडता तरी येतं," असंही म्हणे.

वडिलांच्या औषधांची यादी या सवतीच्या पोटात होती. वडील विसरून दोनदा गोळ्या घेत, म्हणून मिस्त्रीने त्या पाकिटांतून सोडवून वारांच्या डबीत भरल्या होत्या. पाकिटं कपाटात आणि कपाटाची किल्ली त्याच्या खिशात. डॉक्टरांचे कागद त्याने स्कॅन करून फाडून टाकले होते. घर कागदमुक्त झालं म्हणून त्या दिवशी आइस्क्रीमही आणलं होतं.

मंगळवारी सकाळी अकराला तो कामावर असताना बायकोचा फोन आला.

"अहो, बाबा बाथरूममध्ये पडले. डोकं फुटलंय. रक्त थांबत नाहीये. वरच्या मजल्यावरच्या डॉक्टरीणबाई आल्यात, त्या विचारताहेत रक्त पातळ करायची गोळी कुठली?"

मिस्त्रीच्या डोक्यात दोन नावं आली. त्यातलं एक गेल्या महिन्यात बंद केलं होतं. कुठलं, ते काही केल्या आठवेना.

"अंदाजाने सांगू नका!" मागून डॉक्टरीणबाईंचा आवाज आला. "प्रत्येक गोळीचा उतारा वेगळा असतो. ॲम्ब्युलन्स येतेय, हॉस्पिटलला आत्ता कळवायला हवं."

"संगणक उघड," मिस्त्री म्हणाला.

"पासवर्ड सांगा."

तो सांगायला गेला आणि त्याला कळलं. पासवर्ड त्याला ठाऊक नव्हता. सहा वर्षं पासवर्ड त्याची बोटंच टाकत होती, त्याला कुणी विचारलंच नव्हतं.

तो कामावरच्या बिलं करणाऱ्या बाईंच्या टेबलाकडे धावला आणि फोन स्पीकरवर टाकून तिथे ठेवला. प्लास्टरने पांढरे झालेले हात त्यांच्या कीबोर्डवर ठेवले आणि डोळे मिटले.

"अहो, माझं बिल!"

"बाई, बोटं कुठे पडतात ते मोठ्याने वाचा. बाकी काही विचारू नका."

बाईंनी एकदा त्याच्या तोंडाकडे पाहिलं आणि वाचायला लागल्या. "के. सात. एम. एम. आर..."

"चुकलं म्हणतोय," बायको म्हणाली.

पुन्हा.

"परत चुकलं. आता लाल झालंय. अहो, बाबा डोळे मिटताहेत!"

तीनदा चुकलं की दहा मिनिटं सगळं बंद. ही सोय त्याने स्वतः बसवली होती आणि पाहुण्यांना कौतुकाने दाखवलीही होती.

"तुम्ही घरी उभ्यानेच टाइप करता का हो?" बाईंनी विचारलं.

नाही. घरी तो बसायचा. बाईंनी खुर्ची त्याच्या गुडघ्यांमागे सरकवली, तो बसला, आणि बोटं एका दमात धावली. या वेळी चौथं अक्षर एम नव्हतं, एन होतं.

"उघडलं! पण इथे काहीच नाहीये. नुसतं राखाडी!"

"तसंच असतं. कंट्रोल आणि स्पेस एकदम दाब. काळी खिडकी उतरली? त्यात बाबा लिही, इंग्रजीत, आणि एंटर."

बायकोने गोळीचं नाव वाचलं. डॉक्टरीणबाईंनी ते फोनवर दुसऱ्या कुणाला तरी दोनदा ऐकवलं. मिस्त्रीला कुणी पैज लावायला सांगितली असती, तर त्याने दुसऱ्या नावावर लावली असती. हे कळलं तेव्हा त्याला पहिल्यांदा खरी भीती वाटली. आतापर्यंतची नुसती घाई होती.

मग सायरन, जिन्यावरची धावपळ, आणि फोन बंद.

बिलांच्या बाईंनी त्याला हॉस्पिटलपर्यंत रिक्षा करून दिली. रस्त्यात त्याने बायकोला अकरा वेळा फोन लावला. बाराव्यांदा तिने उचलला.

"उतारा दिलाय. रक्त थांबतंय. रात्रभर लक्ष ठेवायला हवं म्हणाले."

"शुद्धीवर आहेत?"

"आत्ता शिवी दिली त्यांनी."

"कुणाला?"

"तुम्हाला. कुठे उलथलाय म्हणून विचारलं. डॉक्टर म्हणाले, पूर्ण वाक्य बोलले, हे चांगलं लक्षण आहे."

मिस्त्रीने रिक्षाची कड घट्ट धरली.

"कुठली शिवी?" त्याने विचारलं. "शब्द न् शब्द सांग."

बायकोने सांगितली. त्याने ती पुन्हा एकदा सांगायला लावली.