जस्टिनियनची सहा पानं

हे मी नवऱ्यालाही सांगितलेलं नाही. आईला तर नाहीच — भिंतीवरच्या माझ्या पदवीच्या फोटोला ती रोज फडकं मारते.

आमच्या घरात पिढ्यानपिढ्या मेंढरं. कॉलेजात गेलेली पहिली मी, आणि त्याचा मला गर्व होता. अजून आहे. मी मेहनत केली, हे खोटं नाही. पण माझ्या वर्गातली पद्मा माझ्याहून हुशार होती — एवढं लिहायलाच इतकी वर्षं लागली.

पद्मा विड्या वळायची. तिच्या घरातल्या सगळ्याच बायका वळायच्या. सकाळी कारखान्यात विड्या द्यायला जावं लागे, म्हणून तिचे तास बुडायचे. इतिहासाच्या सरांच्या नोट्स फक्त माझ्या वहीत. दुपारी मी तिच्या दारात बसून मोठ्यानं वाचायचे, ती मांडीवर विड्यांचं सूप घेऊन ऐकायची. रोमन साम्राज्याचे दोन तुकडे, कॉन्स्टंटाईनची नवी राजधानी, गॉथांच्या टोळ्या — बोटं दोऱ्यात, कान माझ्याकडे. एकदा ऐकलं की डोक्यात बसलं. सहामाहीला तिला माझ्यापेक्षा जास्त मार्क पडले. माझ्याच वहीवर. माझ्याच आवाजावर.

शेवटच्या पेपरला चार दिवस होते. वाचता वाचता सम्राट जस्टिनियन आला — त्याचे कायदे, त्याच्या लढाया, सहा पानं. सरांनी तिथं दोनदा खूण करायला लावली होती. मी ती पानं उलटली. का? घसा दुखत होता? नाही. तिला म्हणाले, "हे नाही यायचं. सर म्हणाले."

"मग सोड की," ती म्हणाली. दोरा दातानं तोडला.

चाळीस मार्कांचा पेपर, त्यात वीस मार्कांना तेच आलं. ती चार मार्कांनी नापास झाली. पुन्हा फॉर्म भरू द्या म्हणाली, घरी कुणी ऐकलं नाही, वर्षभरात लग्न. मी वर्गात पहिली. निकालादिवशी मी रडले, तर तिनंच माझी समजूत काढली — सर चुकले असतील गं, तू काय करणार?

तेव्हा खरं सांगायला किती वेळ लागला असता? सहा पानं वाचायला लागतो त्याहून कमीच.

मागच्या महिन्यात सात रस्त्याच्या चौकात भेटली. बोटं अजून तंबाखूनं पिवळी. माझ्याकडे बोट दाखवत सोबतच्या लेकीला म्हणाली, "ही मला वाचून दाखवायची. एक ओळ सोडायची नाही बघ."

मी मान हलवली — हो म्हणून.