पडलेल्या माणसांचे दाजी

सरपंचाच्या निवडणुकीत पडल्यावर मी ग्रामपंचायतीची खुर्ची घरी घेऊन आले. हो, खुर्चीच. हिरव्या रेक्झिनची, गोल फिरणारी, खाली पाच चाकं असलेली. माझ्याच काळात झालेल्या सिमेंट रस्त्यावरून, भर उन्हात, ढकलत ढकलत आणली. चाकांचा असा खडखडाट, की घराघरातली माणसं ओट्यावर आली. आज नातवंडांना हे सांगते तेव्हा ती पोट धरून हसतात आणि मीही हसते. पण त्या दिवशी माझी मान अशी ताठ होती, जशी काही माझी मिरवणूकच निघाली होती. दर दसऱ्याला मी त्या खुर्चीला हळदकुंकू वाहत असे. पूजा केलेली वस्तू दुसरीच्या हाती कशी द्यायची, असा माझा सरळ विचार. वय चाळिशीचं आणि अक्कल परकरातल्या पोरीची.

त्या मूर्खपणातून मला बाहेर काढलं ते दाजींनी. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या चुलत बहिणीचे, अनसूयाबाईचे यजमान. मी त्यांची मेहुणी, म्हणून ते मला साळीबाई म्हणत; आणि मी दाजी म्हणायची म्हणून पुढे सगळं गावच त्यांना दाजी म्हणू लागलं. नागपूरच्या एका कॉलेजच्या ग्रंथालयात ते शिपाई होते. त्यांचं स्वतःचं गाव गोसीखुर्द धरणाच्या पाण्याखाली गेलं, म्हणून निवृत्त झाल्यावर ती दोघं पवनीकडच्या आमच्या या गावात येऊन राहिली. निवृत्तीला लोक शाल-नारळ घेऊन येतात. दाजी आले ते रद्दीत काढलेलं एक इंग्रजी पुस्तक घेऊन. उशीएवढं जाड, सुरुवातीची पानं वाळवीनं खाल्लेली.

त्या पुस्तकात अमेरिकेच्या लोकसभेत आजवर बसलेल्या माणसांची आयुष्यं होती. प्रत्येकाला आठ-दहा ओळी. जन्म कुठला, शिक्षण किती, धंदा कोणता, कधी निवडून आला, कधी पडला, मग काय केलं, कुठे मेला, कुठे पुरला. दाजी सातवी पास. पण सगळी आयुष्यं त्याच तीस-चाळीस शब्दांत लिहिलेली. तेवढे शब्द हाती लागले आणि ती सगळी माणसं त्यांच्या ओळखीची झाली. ते म्हणत, "इंग्रजीत मले जलमता येते, निवडून येता येते, पडता येते अन् मरता येते. बजारात जाऊन वांगे नाई मागता येत."

या वाचनाचा त्यांच्या बोलण्यावर परिणाम झाला होता. कुणाचीही ओळख ते त्या पुस्तकासारखीच करून देत. एकदा घरी पाहुणे आले असता माझ्या यजमानांकडे हात करून म्हणाले, "हे आमचे साडभाऊ. जन्म करडी. शिक्षण चवथी, पुढं मास्तरच्या छडीमुळं सुटलं. धंदा धानाचा. सोसायटीच्या निवडणुकीत पडले. मंग आपल्या कामाले लागले." हे शेवटचं वाक्य ते चवीनं म्हणत. पुस्तकातही पडलेल्या बहुतेकांच्या पुढे हेच वाक्य असायचं म्हणे. कुणी परत वकिलीला लागला, कुणी परत गिरणी चालवायला, कुणी परत नांगरामागे.

अनसूयाबाईच्या हाताखाली आम्हा बारा-चौदा बायांची रोवणीची, म्हणजे भात लावणारी, टोळी होती. आम्ही बांधीत, भाताच्या खाचरात, गुडघाभर चिखलात वाकलेल्या, हातात धानाच्या रोपांच्या जुड्या, आणि शेताच्या कडेला धुऱ्यावर काळ्या छत्रीखाली दाजी. मांडीवर पुस्तक, पुस्तकाला मेणकापड.

"आज कोण हाये दाजी?" एखादी विचारी.

"शिंपी. लय गरीब. शाळेचं तोंड नाई पाह्यलं. बायकोनं लिवाले शिकवलं."

"मंग?"

"मंग पूर्ण देशाचा मुखिया झाला."

"अन् बायको?"

दाजी पान उलटत, परत सुलटत. "तिचं काई लिवलं नाई."

"तं कायचं पुस्तक हो ते!" अनसूयाबाई मान वर न करता म्हणे. "शिकणाऱ्याच्या दहा ओळी अन् शिकवणारीचं नाव नाई. ठेवा तिकडं, पोट्टे बसतीन त्याच्यावर."

बाया हसत. दाजीही हसत आणि पुढचा माणूस काढत. ढग खाली आलेले असायचे, बांधीतल्या पाण्यात आभाळ उतरलेलं असायचं आणि आमचे हात त्या आभाळातच रोपं खोचत चाललेले. दाजींचा आवाज एकसुरी. ऐकता ऐकता मला वाटे, लांब काळा कोट घातलेला एखादा न्यायाधीश समोरच्या बांधीतून अनवाणी चालला आहे. कुणाची बग्गी बर्फात रुतली, कुणी नदीवर नाव ओढत शिकला, कुणाला तीनदा पाडून चौथ्यांदा लोकांनी बोलावून नेलं. बर्फ मी पाहिला होता तो फक्त जत्रेतल्या गोळ्यात. पण दाजींच्या वाचनात सारखं येणारं ओहायो हे गाव पवनीच्या पलीकडे, नदी ओलांडली की असावं, अशी माझी खात्री झाली होती. संध्याकाळी घरी येताना पाठ दुखायची आणि डोक्यात परक्या मुलखातली माणसं हळूहळू चालत असायची.

प्रत्येकाच्या शेवटी गावाचं नाव आलं की दाजी थोडं थांबत. एकदा मला म्हणाले, "पाह्य, मरेपर्यंत कुठीबी भटकला, तरी शेवटी एक गाव लिवलं आहे. माह्या गावावर तं आता डोंगे चालून राहिले." आणि लगेच पुढचं नाव वाचायला घेतलं.

मग आमच्या गावची सरपंचाची जागा बायांसाठी राखीव झाली आणि मी निवडून आले. पहिल्या दिवशी दार लावून खुर्चीत तीन गिरक्या घेतल्या; चौथीला चक्कर आली. कामं मी केली, नाही असं नाही. रस्ता केला, शाळेची भिंत बांधून घेतली. पण इस्त्रीची साडी नेसून चिखलात कसं उतरायचं? रोवणी लागली तेव्हा अनसूयाबाईनं निरोप पाठवला. मी उलट निरोप दिला, "मीटिंग आहे." मीटिंग कसली! मी घरात पाय पसरून मुरमुऱ्याचा चिवडा खात होते. गाव एवढंसं, तिला ते कळायला किती वेळ लागणार? तिनं परत कधी बोलावलं नाही. रस्त्यात दिसली की म्हणायची, "नमस्कार, सरपंचबाई." सख्ख्या बहिणीसारखी ती, आणि नमस्कार! मला तो मान वाटला. आता काय बोलायचं त्या बाईबद्दल, म्हणजे माझ्याबद्दल!

दाजी मात्र कार्यालयात येत. बाकावर बसून एकदा त्यांनी सांगितलं, की एक जण पूर्ण देशाचा मुखिया होता, तो पडला. आणि मग म्हातारपणी साधा सदस्य म्हणून निवडून येऊन शेवटपर्यंत सभागृहात बसला.

मी म्हटलं, "त्या माणसाले काई इज्जत नोयती का, दाजी?"

"होती ना," दाजी म्हणाले. "म्हणूनच तं बसला."

मी खुर्ची फिरवून खिडकीकडे तोंड केलं.

पाच वर्षांनी पडले. वनिता नावाची, गावात लग्न होऊन आलेली बारावी शिकलेली नवी सून निवडून आली, आणि मी खुर्ची उचलली. ती घरात ठेवायला जागा नव्हती, म्हणून धानाच्या खोलीत ठेवली आणि पोत्यांसमोर बसून राहू लागले. यजमान दारातून डोकावत. "काय वं सरपंच, पोत्याइले हुकूम देऊन राहिली का?" पंचायतीचा शिपाई दोनदा येऊन गेला, मी सांगितलं, चाक मोडलं, दुरुस्तीला टाकली. घराबाहेर पडणं बंद. कार्यालय गेल्याचं दुःख होतं. पण खरी भीती वेगळीच होती. रोज सकाळी रोवणीच्या बाया खिडकीखालून हसत-बोलत जात, त्यात अनसूयाबाईचा आवाज ऐकू येई आणि मी खिडकी ओढून घेई. पाच वर्षं ज्यांच्याकडे पाठ केली, त्यांच्यात परत कोणत्या तोंडानं जायचं? आणि नाही गेले, तर उरलेलं आयुष्य कुणाबरोबर काढायचं?

एके दिवशी दाजी सरळ धानाच्या खोलीत आले. पोत्यावर बसले, पुस्तक उघडलं आणि पानं चाळू लागले. बराच वेळ.

"काय शोधता?" मी शेवटी विचारलं.

"पाहून राहिलो, कोणी खुर्ची घरी नेली का. भेटून नाई राहिला. वाळवीनं खाल्लेल्या पानात असन एखादा."

मी रडले. मग चिडले. "तुमाले हसू येते. मले तोंड दाखवाची सोय नाई राह्यली."

"कोणाले?"

"गावाले."

"गावाले का अनसूयाले?"

दाजींनी पुस्तक मिटलं.

"साळीबाई, हे पुस्तक मी इतके साल वाचून राहिलो. निवडून आला, एक ओळ. पडला, एक शब्द. कामाले लागला, संपलं. पण पडल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी उठून त्यानं काय केलं? चहा कोणं देल्ला? बाहेर निंगाल्यावर पह्यलं कोण भेटलं, काय बोल्लं? कुठीच नाई लिवलं. मले तं तेच वाचाचं होतं. ते तुह्यापाशी आहे, अन् तू दार लावून बसली."

मी म्हटलं, अंधार पडू द्या, मग नेऊ. दाजी म्हणाले, "आणली तवा ऊन होतं."

म्हणून उन्हातच निघालो. मी खुर्ची ढकलत मागे, दाजी वाट करून देत पुढे. ओट्यांवर तीच माणसं. कुणी तरी म्हणालं, "दुरुस्त झाली का वो?" दाजींनी माझ्या वतीनं उत्तर दिलं, "हो, झाली एकदाची." कार्यालयात वनिता प्लास्टिकच्या स्टुलावर बसली होती. मला पाहून गडबडून उठली आणि तीच खुर्ची माझ्यापुढे ओढून म्हणाली, "बसा काकू. या घरकुलाच्या यादीतलं मले काईच समजून नाई राहिलं. विचाराले तुमच्याकडं येणार होती, पण भेव लागला." मी स्टूल घेतलं. दिवे लागेपर्यंत आम्ही यादी पाहत होतो, आणि दाजी दारातल्या बाकावर पुस्तक पोटावर ठेवून झोपले होते.

दाजी त्यानंतर बरीच वर्षं जगले. गेले तेव्हा त्यांची राख वैनगंगेत सोडली. त्यांचं गाव ज्या पाण्याखाली आहे, तिथवर नावाड्याला डोंगा न्यायला अनसूयाबाईनं लावलं. आता माझी नात मोबाइलवर त्या माणसांना शोधून काढते. शिंपी सापडला, म्हातारपणी साधा सदस्य झालेला सापडला. "आजी, खरंच होते हे लोक!" म्हणते. मला वाटतं, खरे असतील. पण आमच्या बांधीतून अनवाणी चालत जायचे ते जास्त खरे होते.

राहिली खुर्ची परत केल्याच्या दुसऱ्या दिवसाची गोष्ट. दाजींना ती वाचायची होती, म्हणून लिहिते. सकाळी चहा माझा मीच केला. जुनं लुगडं काढलं, काष्टा घातला आणि शेतावर गेले. घरातून निघताना तीनदा परत फिरले, त्यामुळे उशीर झाला. दाजी धुऱ्यावर वाचत होते. मला पाहिलं आणि मध्येच थांबले. बाया सरळ उभ्या राहून बघू लागल्या. अनसूयाबाई तेवढी वाकलेलीच. मी चिखलात पाय घातला. कुणी जुडी पुढे केली नाही. मीच उचलली आणि कडेची जागा धरून लावू लागले. फक्त पाण्यातून हात काढल्याचा आवाज. कंबर मोडत होती, दोनदा तोल गेला. मला वाटलं, ही आता म्हणेल, नमस्कार सरपंचबाई. ते म्हणाली असती, तर मी तिथूनच परत फिरले असते. माझी ओळ निम्मी झाली तेव्हा ती हातातली जुडी घेऊन मागून आली. ओळीकडे या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिलं, आणि म्हणाली,

"शेवंते, हे ओळ होय का म्हशीची वाट? उपट सारी, अन् पुन्हा लाव. अन् उद्या बेगीन येजो."