नव्वदची केबल, सत्तरचा स्विच

मखमलाबादचा गोरक्ष वायरमन. बायको दीपमाला कळवणची. दोन हजार तीन साली तिने घरामागच्या पत्र्याच्या खोलीत कांद्याच्या चकत्या वाळवून हॉटेलांना द्यायचा धंदा काढला. हाताखाली दोन बायका. हीटरची वायरिंग अर्थातच गोरक्षने केली. अंबडच्या कारखान्यातल्या कामातून उरलेली नव्वद डिग्री सोसणारी केबल त्याच्याकडे होती. बारीक असूनही जास्त करंट पेलणारी. तीच त्याने वापरली.

पावसाळ्यात हीटर दिवसभर चालू राहू लागले.

"अहो, स्विचला हात लावून बघा. लय तापतंय, वासही येतोय," दीपमाला म्हणाली.

"अगं, नव्वदची केबल आहे. तिला काय होतंय?" तो हसून कामावर निघून गेला.

केबलला खरंच काही झालं नाही. पण तिची धग स्विचच्या टर्मिनलमध्ये, वायर जोडायच्या जागी, उतरत होती, आणि ते होतं सत्तर डिग्रीच सोसणारं. एका सकाळी स्विच पेटला, खालच्या बारदानाने जाळ धरला. दीपमालाने दोघी बायकांना बाहेर ढकललं आणि हीटर बंद करायला ती परत आत गेली. स्विच वितळून बसला होता. तो फिरला नाही.

निरोप मिळताच गोरक्ष धावत आला. भाजलेल्या दीपमालाला शेजाऱ्यांनी तोवर दवाखान्यात नेलं होतं. खोलीत काळा पडलेला स्विच लोंबत होता. त्यापासून हातभर अंतरावर केबल अगदी नव्यासारखी. कुठे चुकलं ते ओळखून तो तसाच दवाखान्याकडे पळाला.

दवाखान्यात तिने आधी बायकांची चौकशी केली. मग हळूच म्हणाली, "स्विचच खराब निघाला असंल हो. तुम्ही जिवाला लावून घेऊ नका."

"हो," तो म्हणाला. दोन दिवसांनी ती गेली.

दहावं झाल्यावर त्याने सासूला, लंकाबाईला, सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि विचारलं, "तिनं सांगितलं व्हतं ना तुला, तापतंय म्हणून?"

त्याने होकाराची मान हलवली. लंकाबाई त्याच दुपारच्या एसटीने कळवणला परतली.

गोरक्षने वायरिंगचं काम सोडलं नाही. आता तो टर्मिनल सत्तरचं दिसलं की केबल कितीही भारी असो, सत्तरच्याच हिशेबाने जाड घालतो. खर्च वाढतो म्हणून गिऱ्हाइकं कुरकुरतात, तो वाद घालत नाही. दर दिवाळीला कळवणला जातो. लंकाबाई तांब्याभर पाणी आणून ठेवते. ‘बस’ असं मात्र म्हणत नाही. तो उभ्यानेच पाणी पितो आणि पाया पडून निघतो.